बाइल्मरमेरमधील गर्दची वर्षे

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधील शाळांत आज शिकणाऱ्या मुलामुलींस ‘खान्झनहूफ’ हे मेट्रोच्या एका स्थानकाचे नाव म्हणून ठाऊक आहे. त्यांच्या आजी-आजोबांच्या मनात मात्र ह्याच नावासरशी एक निराळे चित्र उभे राहते. १९८० नंतरच्या दशकात त्या स्थानकाखालचा बाजार, भोवतीच्या मोटारी ठेवण्याच्या बहुमजली इमारती आणि त्यांना घरांशी जोडणारे झाकलेले पादचारी मार्ग ही हेरॉइनच्या खरेदी-विक्रीची व सेवनाची ठिकाणे झाली होती. महाराष्ट्रात ज्या पदार्थाला त्याच सुमारास ‘गर्द’ हे नाव पडले, तोच हा पदार्थ. हिंदुस्थानी समाजाच्या स्मरणिकांतून पूर्वजांच्या जहाजांची नावे छापली जातात, त्यांच्या मळ्यांची वर्णने येतात, आणि ते उचितच आहे. परंतु समाजाचा इतिहास पॅरामारिबोच्या धक्क्यावर संपत नाही. बाइल्मरमेरमधील त्या पंधरा-वीस वर्षांत ज्या घरांतील मुले हातची गेली, ती घरेही ह्याच इतिहासाचा भाग आहेत.

अमली पदार्थांविषयीच्या सरकारी धोरणाचा वाद हा अलीकडचा आहे, हिप्पी लोकांच्या काळापासून तो सुरू झाला, असा एक समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. ह्या व्यापारात सरकारे प्रथम दुकानदार म्हणून उतरली, पहारेकरी ती मागाहून झाली. डच ईस्ट इंडिया कंपनी बंगाल-बिहारकडील अफू विकत घेऊन जावा बेटावर विकीत असे, आणि १७४५ साली बटाव्हियात ह्या व्यापारासाठी स्वतंत्र मंडळीच स्थापन झाली होती. कंपनी लयास गेली, पण अफूचे उत्पन्न राहिले. १८९४ पासून डच वसाहत सरकारने मक्तेदारांना दूर सारून अफूची विक्री स्वतःच्या खात्याकडे घेण्यास प्रारंभ केला, आणि थोड्याच वर्षांत सर्व जावाभर सरकारी अफू सरकारी दुकानांतून विकली जाऊ लागली. १९०० साली तर खुद्द अ‍ॅमस्टरडॅम शहरात कोकेनचा कारखाना निघाला. त्यासाठी लागणारी कोकाची पाने जावामधील मळ्यांतून येत. तो कारखाना कायदेशीर होता, प्रतिष्ठित होता, आणि त्याचे भागधारक सभ्य गृहस्थ होते.

ज्या बिहार व संयुक्त प्रांतातील शेतकऱ्यांच्या शेतांत इंग्रज सरकार अफूची लागवड करवून घेत होते, त्याच मुलखांतून करारबद्ध मजूर उचलले जात होते, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. १८७३ साली ‘लाला रुख’ हे जहाज कलकत्त्याहून निघून ५ जून रोजी पॅरामारिबोस मजुरांना उतरवते झाले. तेव्हापासून १९१६ पर्यंत चौसष्ट जहाजांतून चौतीस हजारांवर माणसे सुरिनामला आली. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या कोकणी-मराठी मजुरांची कहाणी ह्याहून जुनी आहे. ह्या सर्वांनी आपली दैवते, आपली धान्ये आणि आपल्या सवयी बरोबर नेल्या. त्यांत चिलीम होती, गांजा होता आणि शिवरात्रीची भांगही होती. कॅरिबियन बेटांवर गांजाला आजही ‘गांजा’ म्हणतात, हा शब्दच त्या प्रवासाचा साक्षीदार आहे. जमैकात १९१३ साली त्यावर बंदी घालणारा कायदा झाला, तोही त्याच हिंदी नावाने ओळखला गेला.

गांजाचा प्रश्न निघाला म्हणजे एका जुन्या चौकशीची आठवण करावी लागते. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातील गांजा-चरसाविषयी ओरड झाली. गांजाने देशातील वेड्यांची इस्पितळे भरून गेली आहेत असे काही सभासद सांगू लागले. तेव्हा सरकारने मॅकवर्थ यंग ह्यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचे मंडळ नेमले. त्यांत तीन हिंदी सभासद होते. मंडळाने देशभर हिंडून एक हजाराहून अधिक साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून घेतले. त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम वेड्यांच्या इस्पितळांतील होय. १८९२ सालच्या रोग्यांची प्रकरणे त्यांनी एकेक करून तपासली, आणि असे आढळून आले की कागदावर ‘वेडाचे कारण : गांजा’ हा शेरा बहुधा रोग्यास आणून सोडणाऱ्या पोलिसाने किंवा कारकुनाने काही चौकशी न करता लिहून टाकलेला असे. रकाना भरावयाचा म्हणून तो भरला गेला होता. त्या शेऱ्यांची पुढे आकडेवारी झाली आणि त्या आकडेवारीवर पार्लमेंटात भाषणे झाली. १८९४ च्या अहवालात मंडळाने निष्कर्ष काढला की बेताच्या सेवनाने सांगण्यासारखा अपाय होत नाही, अतिरेक घातक आहे, आणि सर्रास बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही. कर बसवून व परवाने देऊन नियंत्रण ठेवावे, एवढेच त्यांनी सुचविले. ह्यात इंग्रज सरकारच्या अबकारी उत्पन्नाचा स्वार्थ नव्हता असे कोणी म्हणणार नाही. तथापि रकान्यातील शेरा खरा की खोटा हे रोग्याजवळ जाऊन पाहण्याची त्या मंडळाची रीत पुढील अनेक सरकारांना साधली नाही, हे मान्य करणे भाग आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी वारे फिरले. डिसेंबर १९११ ते जानेवारी १९१२ ह्या काळात हेग येथे अफूविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि पहिला करार झाला. यजमान हॉलंड स्वतः त्या वेळी जावामध्ये अफू विकत होता, ही गोष्ट परिषदेस अडचणीची वाटली नसावी. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली हॉलंडने अफूचा कायदा केला. १९२८ साली त्यात सुधारणा होऊन गांजाचाही उल्लेख आला, आणि १९५३ साली गांजा बाळगणे हाही गुन्हा ठरला. त्या काळात हॉलंडमध्ये गांजा ओढणारे शोधूनच काढावे लागले असते. १९६० नंतर मात्र विद्यार्थी व कलावंत तरुण ह्यांत त्याचा प्रसार झाला, आणि सरकारला प्रथमच आपल्या स्वतःच्या, गौरवर्णी, सुशिक्षित मुलांना तुरुंगात पाठवावे काय, हा प्रश्न पडला. १९७१ साली प्राध्यापक हुल्समन ह्यांच्या व १९७२ साली बान ह्यांच्या समितीने आपापले अहवाल दिले. कायद्याने होणारी हानी पदार्थाने होणाऱ्या हानीहून अधिक असू नये, हा त्यांचा एकंदर सूर होता. त्यावरून १९७६ साली कायदा बदलला. गांजा-चरस एका यादीत आणि हेरॉइन-कोकेनसारखे पदार्थ दुसऱ्या यादीत गेले. पहिल्याच्या तीस ग्रॅमपर्यंतच्या साठ्यास किरकोळ गुन्हा मानले गेले, तर दुसऱ्याच्या व्यापारास बारा वर्षांपर्यंत कैद ठेवण्यात आली. आरोग्यमंत्री इरेने व्होरिंक ह्या त्या कायद्याच्या एक कर्त्या. त्यांचे चिरंजीव त्याच सुमारास नभोवाणीवरून चरस-गांजाचे बाजारभाव वाचून दाखवीत असत. हॉलंडबाहेरच्या वाचकास ही थट्टा वाटेल, परंतु ती घडलेली गोष्ट आहे.

हा कायदा ज्या तरुणांना डोळ्यांपुढे ठेवून झाला ते गांजा ओढणारे होते. पण तोवर दुसरेच संकट दारी आले होते. १९७२ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या भागात, मध्यवर्ती रेल्वे स्थानकाजवळील झेडाइक ह्या चिंचोळ्या रस्त्यावर चिनी व्यापाऱ्यांच्या हातून हेरॉइन येऊ लागले, आणि दोन-तीन वर्षांतच शहरभर पसरले. दुर्दैवाने ह्याच वर्षांत सुरिनामचे लोक मोठ्या संख्येने हॉलंडमध्ये येत होते. सुरिनाम २५ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाले. त्या एका वर्षात सुमारे चाळीस हजार सुरिनामी माणसे येथे येऊन पोहोचली, आणि मुक्त प्रवेशाची मुदत १९८० च्या नोव्हेंबरात संपण्यापूर्वी आणखी हजारो आली. नव्या राज्यात आपले काय होईल ह्या धास्तीने निघालेल्यांत हिंदुस्थानी कुटुंबे पुष्कळ होती. पणजोबांनी एक समुद्र ओलांडला होता. पणतूंनी दुसरा ओलांडला, एवढेच नव्हे तर तो विमानाने एका रात्रीत ओलांडला. जहाजाच्या तीन महिन्यांच्या प्रवासात माणसे एकमेकांची ‘जहाजी भाई’ होत असत. विमानाच्या रात्रीत तसे काही होत नसते.

त्यांना उतरण्यास जागा होती ती बाइल्मरमेरची. ही वसाहत मुळात त्यांच्यासाठी बांधलेली नव्हती. १३ डिसेंबर १९६६ रोजी तिचा पहिला खांब रोवला गेला आणि १९६८ च्या अखेरीस पहिले रहिवासी राहावयास आले. वास्तुरचनाकार झिखफ्रीड नासूट ह्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी रांगांत दहा-अकरा मजली इमारती आखल्या, मध्ये हिरवळ व तळी ठेवली, मोटारींचे रस्ते उंचावर नेले. उद्याचे शहर म्हणून तिची जाहिरात झाली. परंतु ज्या डच मध्यमवर्गासाठी हे सारे होते, त्याने बागेसह स्वतंत्र घर मिळते म्हणून दुसरीकडची वाट धरली. इकडे घरे रिकामी पडत होती आणि तिकडे गृहसंस्था सुरिनामी कुटुंबांना ती देण्यास कां-कू करीत होत्या. १९७४ साली ख्लिपहूव्ह ह्या इमारतीतील रिकाम्या घरांचा सुरिनामी कुटुंबांनी ताबा घेतला, तेव्हा कोठे ती कोंडी फुटू लागली. ही गोष्ट येथे मुद्दाम सांगावयाची ती एवढ्यासाठी, की पुढे वृत्तपत्रांतून ‘बाइल्मर म्हणजे सुरिनामी, सुरिनामी म्हणजे हेरॉइन’ असे जे समीकरण रूढ झाले, त्याच्या मुळाशी रिकामी घरे, लांबलेली अर्जांची प्रतीक्षा आणि १९७३ नंतरच्या मंदीत न मिळालेली कामे होती. वीस-बावीस वर्षांचा मुलगा आला, त्यास भाषा येत होती, पण काम मिळाले नाही. झेडाइकवर मात्र त्याला कोणी अर्ज भरावयास सांगितला नाही.

ऑक्टोबर १९७७ मध्ये बाइल्मरमेरपर्यंत मेट्रो सुरू झाली, आणि १९८० साली तीच गाडी नीउमार्क्ट व मध्यवर्ती स्थानकापर्यंत जाऊ लागली. झेडाइकचे एक टोक मध्यवर्ती स्थानकापाशी आणि दुसरे नीउमार्क्टपाशी येते. ह्या योगायोगाचे परिणाम कोणी योजिले नव्हते, पण ते व्हावयाचे तसे झाले. १९८० नंतर शहराच्या जुन्या भागातील व्यापारी व रहिवासी ह्यांच्या तक्रारी शिगेला पोहोचल्या. १९८३ साली महापौर झालेले एड व्हान थाइन ह्यांच्या कारकिर्दीत झेडाइकवर पोलिसांचा कडक बंदोबस्त बसला, विशिष्ट भागातून माणसांना हद्दपार करण्याचे हुकूम निघू लागले, आणि १९८५ मध्ये तेथील घरे विकत घेऊन दुरुस्त करण्यासाठी एक स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. झेडाइक हळूहळू स्वच्छ झाला. आज तेथे पर्यटक हिंडतात. पण तेथून हाकललेला विक्रेता आणि त्याच्यामागे फिरणारा गिऱ्हाईक हे हवेत विरून गेले नाहीत. त्यांपैकी पुष्कळ जण मेट्रोत बसून खान्झनहूफला उतरले. रोग जिथे आहे तिथून उठवून दुसरीकडे बसविणे ह्यास उपचार म्हणण्याची चूक सरकारे वारंवार करतात. आपल्याकडे ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ असे म्हणतात. येथे बंबानेच आग रामेश्वरी नेली म्हणावयाचे.

बाइल्मरची ती रचनाच अशा धंद्याला सोयीची ठरली. इमारतींचे लांबच लांब पसरलेले सज्जे, तळमजल्यावरील निर्मनुष्य कोठारे, दिवे फुटलेले जिने, आणि जेथे मोटारी ठेवावयास मालकच धजत नसत असे ते अजस्र वाहनतळ. पोलीस एका टोकाने येत तेव्हा माणसे दुसऱ्या टोकाने जात. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिजवून ओढावयाचे कोकेन आले आणि हेरॉइनच्या मंद गुंगीच्या जागी हिंसा व चोऱ्या वाढल्या. वृद्धांनी सायंकाळी दार उघडणे सोडले. शहराच्या मोठ्या तुरुंगासही लोक ‘बाइल्मरबायस’ म्हणत, वास्तविक तो बाइल्मरमध्ये नव्हताच, कित्येक किलोमीटर अलीकडे आम्स्टेल नदीपाशी होता. १९७८ ते २०१६ पर्यंत तो चालला. नावाची बदनामी अशी दूरवर जाते.

ह्या व्यसनाधीनांत हिंदुस्थानी किती होते ह्याची मोजदाद सांगणे येथे अभिप्रेत नाही. रस्त्यावर दिसणाऱ्यांत क्रिओल तरुणांचा भरणा अधिक होता, हे खरे. त्यावरून आपल्या लोकांत हा रोग नव्हता असा निष्कर्ष काही वडीलधारी मंडळी काढीत असत, तो मात्र खरा नव्हे. हिंदुस्थानी मुलगा रस्त्यावर कमी दिसे ह्याचे एक कारण असे की त्याला घरात झाकून ठेवले जाई. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण फार महाग पडली. आईच्या बांगड्या गेल्या तरी चोरीची तक्रार नाही. बहिणीच्या सोयरिकीत विघ्न येईल म्हणून डॉक्टरकडे नोंद नाही. काही घरांनी मुलाला सुधारावयास म्हणून सुरिनामला नातलगांकडे धाडून दिले, आणि तोवर खुद्द सुरिनाम कोकेनच्या वाटेवरचे ठाणे होऊन बसले होते. ह्याच लोकांच्या लग्नसमारंभांत रम आणि व्हिस्कीच्या बाटल्या उघडपणे टेबलावर असत, आणि मळ्यांच्या काळापासून दारूने ह्या समाजाची जी हानी केली तिची कोणास लाज वाटत नसे. दारू हा पुरुषांचा षोक आणि गर्द हा कुळाचा कलंक, असा हा भेद होता.

एका बाबतीत मात्र ह्या समाजाच्या संकोचाने त्याचे रक्षण केले. सुरिनामी व्यसनाधीन बहुधा सुई टोचून घेत नसत. हेरॉइनचा धूर ओढण्याची चिनी पद्धत त्यांनी उचलली होती, आणि सुईविषयी त्यांना तिटकारा असे. डच व जर्मन तरुण टोचून घेत. १९८० नंतर एड्सची साथ आली तेव्हा ह्या भेदाचे मोल कळले.

सरकारच्या आरोग्यखात्याने जे केले त्याचे वर्णन थोडे विस्ताराने करणे अवश्य आहे, कारण त्यावरच आजही वाद होतो. १९७९ पासून अ‍ॅमस्टरडॅमच्या नगर आरोग्यखात्याची बस ठराविक वेळी ठराविक जागी उभी राहू लागली. हेरॉइनच्या ओढीने होणारी तडफड थांबविणारे मेथॅडोन नावाचे औषध त्या बसमध्ये द्रवरूपात मिळे, व ते तेथल्या तेथे, परिचारिकेच्या समोर, पिऊन टाकावे लागे. अटी थोड्या होत्या : नाव एका मध्यवर्ती नोंदवहीत घालावे, डॉक्टरला अधूनमधून भेटावे. व्यसन सोडलेच पाहिजे ही अट नव्हती. ह्यावर टीकाकारांनी म्हटले की सरकारच आता मादक औषध वाटू लागले, जावातील सरकारी अफूची दुकाने आणि ही बस ह्यांत फरक तो काय? प्रश्न झोंबणारा होता. त्याचे उत्तर असे की जावातील दुकानाला गिऱ्हाईक हवे होते, आणि ह्या बसला रोगी जिवंत हवा होता. पहिले खाते पैशांचा हिशेब ठेवीत असे, दुसरे माणसांचा.

सुयांची अदलाबदल १९८४ साली सुरू झाली तीही अशीच. १९७७ साली स्थापन झालेल्या, व्यसनाधीनांचीच बाजू मांडणाऱ्या ‘एम्. डी. एच्. जी.’ ह्या संघटनेने काविळीच्या साथीच्या भीतीने ती मागणी लावून धरली होती. वापरलेली सुई आणून द्यावी, नवी घेऊन जावी. एड्सचे भय त्यावेळी नुकतेच कळू लागले होते. ज्यांना समाज ‘जंकी’ म्हणून झिडकारीत होता त्यांनी आपली मागणी मांडण्यासाठी संघटना करावी, आणि नगरपालिकेने त्यांचे ऐकावे, ही त्या काळच्या जगात नवलाची गोष्ट होती. १९९८ पासून तर ज्यांना मेथॅडोनचा उपयोग झाला नाही अशा सुमारे साडेपाचशे जुन्या रोग्यांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली खुद्द हेरॉइन देण्याचा प्रयोग झाला. त्यांची प्रकृती आणि वागणूक सुधारली असे आढळले, आणि पुढे ती एक रीतसर उपचारपद्धती झाली.

हेरॉइनचे हे जाळे किती दूरवर पसरले होते ह्याचा एक दाखला करारबद्ध मजुरांच्या वंशजांना विशेष लागेल असा आहे. ३१ डिसेंबर १९८५ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावर मॉरिशसच्या चार लोकप्रतिनिधींना हेरॉइनसह पकडण्यात आले. मॉरिशसमध्ये हे प्रकरण ‘अ‍ॅमस्टरडॅम बॉइज’ ह्या नावाने आजही ओळखले जाते. तेथील सरकारला १९८६ मध्ये सर मॉरिस रोल ह्यांचे चौकशी मंडळ नेमावे लागले. ज्या बेटावर गिरमिटियांच्या नातवंडांनी मतपेटीतून सत्ता मिळविली, त्याच बेटाचे प्रतिनिधी अशा कारणासाठी परदेशात पकडले जावेत, ह्याहून मोठा आघात तेथील वृद्धांना क्वचितच बसला असेल.

त्याच वर्षी, १९८६ साली, मुंबई-पुण्यात गर्दने मांडलेला उच्छाद अनिल अवचट ह्यांनी आपल्या लेखनातून मराठी वाचकांपुढे आणला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई ह्यांनी त्यासाठी देणगी दिली होती. डॉ. अनिता ह्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ. अ‍ॅमस्टरडॅमची बस आणि पुण्याचे हे केंद्र ह्यांत पद्धतीचा मोठा भेद आहे. मुक्तांगणात व्यसन सोडावयाचेच असते, रोगी काही आठवडे तेथेच राहतो, केर काढतो, स्वयंपाकास हातभार लावतो, आणि व्यसनातून बाहेर पडलेलेच अनेक जण पुढे तेथे समुपदेशक होतात. बायकांसाठी, आईबापांसाठी स्वतंत्र बैठका होतात. म्हणजे जी गोष्ट बाइल्मरमधील हिंदुस्थानी घरांनी झाकून ठेवली, तीच तेथे सर्वांसमक्ष बोलण्याचा विषय झाली. उलट हेही खरे की जो सोडू शकत नाही, चौथ्यांदा पाचव्यांदा घसरतो, त्याला उद्या सकाळपर्यंत जिवंत ठेवण्याची सोय डच पद्धतीत अधिक चांगली होती. एकाने घर जोडले, दुसऱ्याने जीव राखला. दोन्ही शहरांना एकमेकांकडून घेण्यासारखे होते, आणि दोन्ही समाजांत पाय असलेल्या लोकांनी ती देवाणघेवाण घडविली असती तर बरे झाले असते.

कायद्याच्या बाजूने पाहता भारतानेही १९८५ साली कडक कायदा केला, परंतु त्यात गांजाच्या झाडाची नुसती पाने वगळली गेली, त्यामुळे भांग राज्यांच्या परवान्यांवर चालू राहिली. १८९४ च्या मंडळाला हे पाहून समाधान वाटले असते.

बाइल्मरमेरची पुनर्रचना १९९२ मध्ये ठरली, आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला मालवाहू विमान दोन इमारतींवर कोसळून त्रेचाळीस माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरच्या वीस वर्षांत पोळ्यांच्या बहुतेक इमारती पाडल्या गेल्या किंवा बदलल्या, वाहनतळ गेले, रस्ते जमिनीवर आले, खान्झनहूफचा जुना बाजार मोडून नवा झाला. गर्दचा बाजार तेथून उठून काही काळ क्रायननेस्टकडे सरकला, आणि पुढे आपोआप नव्हे, तर घरे, प्रकाश, पोलीस, औषध आणि रोजगार ही पाचही एकदम आल्यामुळे ओसरला. ह्यातील श्रेय एकट्या पोलिसांस देणारे आणि एकट्या डॉक्टरांस देणारे दोघेही अर्धेच पाहतात. नव्या पिढीने हेरॉइनकडे पाठ फिरविली ह्याचे एक कारण तर असे की तिने जुन्या व्यसनाधीनांना डोळ्यांनी पाहिले होते.

कोकेनची कथा मात्र संपली नाही. १९९९ साली डच न्यायालयाने सुरिनामचे माजी सत्ताधीश देसी बाउतर्से ह्यांना त्यांच्या गैरहजेरीत कोकेनच्या व्यापाराबद्दल शिक्षा ठोठावली. पुढे २०१० साली ते तेथील अध्यक्षही झाले. २००० नंतर पोटात कोकेनच्या गोळ्या गिळून विमानाने येणाऱ्या वाहकांची संख्या इतकी वाढली की तुरुंगांत जागा उरेना, आणि २००२ मध्ये त्यासाठी खास तात्पुरता कायदा करावा लागला. गोळी पोटात फुटली तर मरण ठरलेले. मालकाचे नाव मात्र त्या पोटात कधीच सापडत नसे. त्यानंतर पॅरामारिबोहून येणाऱ्या विमानांतील प्रवाशांची सरसकट झडती सुरू झाली, आणि आजीच्या दिवसकार्याला जाऊन परतणाऱ्या निरपराध कुटुंबांनाही रांगेत तिष्ठत उभे राहावे लागले.

१९७६ च्या कायद्यातील एक जुनी विसंगतीही आता कोठे हाताळली जात आहे. दुकानाच्या पुढच्या दाराने गांजा विकण्यास सूट आणि मागच्या दाराने तो आणण्यास बंदी, असा प्रकार जवळजवळ अर्धशतक चालला, आणि ते मागचे दार गुन्हेगारांच्या टोळ्यांनी ताब्यात घेतले. डिसेंबर २०२३ पासून ब्रेडा व टिलबुर्ख येथे सरकारमान्य शेतकऱ्यांचा गांजा दुकानांत येऊ लागला, आणि २०२५ मध्ये दहा नगरांत हा प्रयोग पूर्णपणे अमलात आला. अ‍ॅमस्टरडॅम त्यांत नाही. महापौर फेम्के हाल्सेमा ह्यांनी जानेवारी २०२४ मध्ये शहरात परिषद भरवून ह्याही पुढची सूचना केली, की कोकेनसारख्या पदार्थांचाही व्यापार बंदीऐवजी नियंत्रणाखाली आणावा, कारण बंदीचा पैसा टोळ्यांच्या हाती जाऊन त्या राज्यालाच वेठीस धरीत आहेत. ह्या सूचनेस विरोध करणारे विचारतात की ज्या शहराने १९०० साली कोकेनचा कारखाना काढला त्याने पुन्हा त्याच वाटेने जावे काय. ह्या वादात झुइडओस्टच्या रहिवाशांचे मत विचारले जावे अशी अपेक्षा करणे वावगे ठरणार नाही. धोरणाचा प्रयोग मागच्या वेळी त्यांच्याच जिन्यांवर झाला होता.

१९८० साली जो तरुण वीस वर्षांचा होता तो आता पासष्टीच्या पुढे गेला आहे. वाचले ते म्हातारे झाले, त्यांची फुप्फुसे धुराने खराब झाली आहेत, आणि पुष्कळांना अजूनही रोजचे मेथॅडोन लागते. हेग शहरात अशा वृद्ध व्यसनाधीनांसाठी ‘वुडस्टॉक’ नावाचे निवासगृह निघाले. झुइडओस्टमध्ये काही जण भावाच्या किंवा पुतण्याच्या घरी राहतात, काही एकटे. ज्या वडिलांनी दार लावून घेतले होते ते बहुतेक आता हयात नाहीत. ज्या आया रात्री दार किलकिले ठेवीत असत, त्यांतील काही अजून आहेत.